वीट की ब्लॉक? आधी गच्चीवर जाऊन या

नवीन पनवेलहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. सिडकोच्या जुन्या वसाहतीत ओळीच्या टोकाला त्यांचं रो-हाऊस आहे. ते पाडून दसऱ्यानंतर तळमजला आणि वर एक मजला असं नवं घर बांधायचं ठरलं आहे. दर्शनी बाजू पश्चिमेला, दक्षिणेला मोकळी गल्ली, उत्तरेची भिंत शेजाऱ्यांना लागून. घरात सासू-सासरे, हे दोघं आणि शाळेत जाणारी दोन मुलं.

कॅनडात राहणाऱ्या दिरांनी एक व्हिडिओ पाठवला. पोकळ थर्माकोलचे ठोकळे एकावर एक रचायचे, मधे काँक्रीट ओतायचं, की घर बाराही महिने सुखाचं. यजमानांना ते फार पटलं. त्यांनी चौकशी केली, तेव्हा पोटात थर्माकोलचा थर असलेले ब्लॉक इथेही मिळतात असं कळलं. दरपत्रक आलं ते विटांच्या भिंतींपेक्षा 2 लाख 20 हजारांनी जास्त. सासरे, म्हणजे नाना, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पहिलं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं, आणि नव्या घरातही त्यांच्या फंडाचे पैसे आहेत. ते म्हणतात, "थर्माकोलचं घर बांधायला मी आयुष्यभर शिफ्ट केल्या नाहीत. नऊ इंची लाल विटेची भिंत, बाकी काही नको. ब्लॉक पावसात पाणी पितात." ठेकेदार नानांच्या बाजूने. यजमान म्हणतात, वीजबिल बघा. जानेवारीत 170 युनिट, मेमध्ये 430.

"दोघंही माझ्याकडे बघतात," त्या लिहितात. "मला भिंतीतलं काही कळत नाही. मुलीची वरची खोली मेमध्ये रात्री बारापर्यंत भट्टी असते आणि सासूबाईंना उकाड्याने झोप लागत नाही, एवढंच कळतं. मी कुणाची बाजू घेऊ?"

ताई, नमस्कार.

पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. भिंतीतलं कळत नाही असं तुम्ही म्हणता, पण कुठली खोली, कुठला महिना, रात्री किती वाजेपर्यंत, हे तुम्ही नेमकं सांगितलंत. घराचा आराखडा तिथूनच सुरू व्हायला हवा. नाना आणि तुमचे यजमान दोघंही वस्तूपासून सुरुवात करत आहेत. एकाला वीट हवी, दुसऱ्याला ब्लॉक. घरात ऊन कुठून येतं, हे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

आधी दिरांच्या व्हिडिओबद्दल बोलू. त्यांचं काही चुकलेलं नाही. तशा पद्धतीची घरं कॅनडात 1960 च्या दशकापासून बांधली जात आहेत आणि तिथे ती उत्तम चालतात. जानेवारीत बाहेर उणे 20 आणि आत 21 अंश असतील, तर भिंतीच्या दोन बाजूंत 41 अंशांचा फरक पडतो. थंडी घराला चारी बाजूंनी आणि छपरावरून सारखीच वेढते. म्हणून तिथे सगळ्या घराला दुलईत गुंडाळल्यासारखं करावं लागतं.

आपल्याकडे मेच्या दुपारी बाहेरची हवा 35 अंश आणि आत एसी 26 वर असला, तर फरक 9 अंशांचा. हवेतून येणारी उष्णता तेवढ्याच प्रमाणात कमी. आपल्याला छळतं ते ऊन, आणि ऊन सगळीकडून सारखं येत नाही. मेच्या मध्याला ठाणे-नवी मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या दिवसांत गच्ची सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत तापत राहते. दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा ऊन जवळजवळ पडतच नाही, तिच्यावर ते हिवाळ्यात येतं. पूर्वेला सकाळचं ऊन, पण तोवर हवा फार तापलेली नसते. पश्चिमेला दुपारी दोननंतर ऊन तिरपं, थेट भिंतीच्या अंगावर येतं, तेही हवा सगळ्यात गरम असताना. उत्तरेची तुमची भिंत शेजाऱ्यांना लागून आहे, तिला उन्हाचा काही त्रासच नाही.

म्हणजे तुमच्या घराला तापवणाऱ्या बाजू मुख्यतः दोन. डोक्यावरचा स्लॅब आणि पश्चिमेची दर्शनी भिंत. चारी भिंतींना महागडा ब्लॉक लावून त्यातल्या एकाच भिंतीचं काम होणार, आणि स्लॅब आहे तसाच राहणार.

हे मी कागदावरून सांगत नाही. मी ठाण्यात राहते, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. करोनाच्या काळात कपाळासमोर धरायचा थर्मामीटर घेतला होता, पिस्तुलासारखा. अशा बऱ्याच थर्मामीटरवर वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान मोजायचीही सोय असते. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये एका रात्री दहा वाजता तो घेऊन मी घरभर फिरले. आतल्या भिंती 31, उत्तरेची भिंतही 31. पश्चिमेची 35. आणि पलंगावर उभी राहून स्लॅबवर धरला तर 38. आम्ही झोपत होतो त्या छताचं अंग आमच्या अंगापेक्षा गरम होतं. पंखा काय करणार? तो स्लॅबखालची तापलेली हवाच खाली ढकलत होता.

तुमच्या मुलीच्या खोलीत रात्री बारापर्यंत भट्टी का असते, याचंही उत्तर यात आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीला बाहेरची उष्णता आत पोचवायला साधारण सहा-सात तास लागतात. दुपारी तीन-चारला प्यायलेलं ऊन ती रात्री दहा-अकराला आत ओकते, नेमकं झोपायच्या वेळी. जाड भिंत म्हणजे थंड भिंत, हा नानांचा समज दुपारपुरता खरा आहे. दुपारी ती खोली खरोखर गार लागते. पण मुलगी दुपारी शाळेत असते.

आता आकडे, थोडेच. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता जाते हे त्याचं माप. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटेची भिंत: सुमारे 2. आठ इंची साधा एएसी ब्लॉक, म्हणजे पोटात हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ठोकळा, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री अजूनही सिपोरेक्स म्हणतात: सुमारे 0.75. त्याच जाडीचा, पोटात दोन इंच थर्माकोल असलेला ब्लॉक: सुमारे 0.4. विटेवरून साध्या ब्लॉकवर आलात की मोठी उडी पडते. साध्यावरून थर्माकोलवाल्यावर गेलात तर लहानशी.

आणि तीही पूर्ण पदरात पडत नाही. तुमचं घर काँक्रीटच्या सांगाड्याचं असणार. बाहेरच्या भिंतीत कॉलम, बीम, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची आडवी पट्टी) मिळून 15 टक्के जागा काँक्रीटची धरली, तर त्या जागेतून चौरस मीटरला 3 वॅट जातात, मग शेजारचा ब्लॉक कितीही भारी असो. सगळं मिळून हिशेब केला तर थर्माकोलवाल्या भिंतीचा आकडा 0.8 च्या आसपास येतो आणि साध्या ब्लॉकच्या भिंतीचा 1.1. विटेची भिंत 2 च्या वरच राहते. दुलई चांगली घेतली, पण कॉलम-बीमच्या जागी ती फाटकीच.

स्लॅबचं माप लावून बघा. सहा इंची उघडा स्लॅब 3 च्या वर. नेहमीसारखा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, केला तर 2 च्या थोडं वर. त्यावर 2 इंच जाडीचे एक्सपीएस बोर्ड, म्हणजे थर्माकोलच्याच जातीचे पण जास्त घट्ट आणि कडक, घातले तर 0.5. आणि या स्लॅबच्या वरच्या अंगाचं तापमान मेच्या दुपारी साठ अंशांच्या आसपास जातं, इतर कुठल्याही भिंतीपेक्षा जास्त. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने घरांसाठी 2018 मध्ये 'इको निवास संहिता' आणली, तिच्यात छतासाठी 1.2 ही कमाल मर्यादा आहे. ती संहिता 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी आहे, तुमच्या रो-हाऊसला बंधनकारक नाही. पण मापदंड म्हणून हाताशी ठेवायला चांगली. आपल्याकडचं नेहमीचं कोब्याचं छत त्या मापाला उतरत नाही, हे लक्षात घ्या.

यजमानांच्या वीजबिलाबद्दलही बोलू, कारण तो मुद्दा त्यांनी मनापासून मांडलेला आहे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. जानेवारीत 170 आणि मेमध्ये 430, म्हणजे उन्हाळ्याचा भार 260 युनिटांचा. मार्च ते जून आणि ऑक्टोबर, सगळेच महिने मेइतके तापत नाहीत, म्हणून वर्षाला अकराशे युनिट धरू. नव्या भिंतीने त्यातला चौथा भाग वाचला, तर 275 युनिट. सगळे आकार धरून युनिटला 12 रुपये पकडले तर वर्षाला 3,300 रुपये. 2 लाख 20 हजार वसूल व्हायला जवळजवळ सदुसष्ट वर्षं लागतील. नव्या घरात एक एसी वाढला तर हिशेब थोडा सुधारेल, पण फार नाही. असा हिशेब घर बांधणाऱ्या प्रत्येकाने आपल्या बिलावरून करावा, पाच मिनिटांचं काम आहे. बिलासाठी म्हणून हा खर्च करू नका. सासूबाईंच्या झोपेसाठी करायचा असेल तर जरूर करा, फक्त तो जिथे उपयोगी पडेल तिथे करा.

आता नानांचं म्हणणं. ते अडून बसलेत असा तुमच्या पत्राचा सूर आहे. मला मात्र त्यांच्या म्हणण्यातलं अर्धं फार मोलाचं वाटतं.

पावसाबद्दल ते पूर्ण बरोबर आहेत. आपल्या भागात वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो सरळ खाली पडत नाही. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर पश्चिम आणि दक्षिण भिंतींवर झोडपतो. जी भिंत मेमध्ये सगळ्यात जास्त तापते, तीच जुलैमध्ये सगळ्यात जास्त भिजते. एएसी ब्लॉक हलका असतो कारण त्याच्या पोटात हवेचे बारीक बुडबुडे असतात. सिमेंट, चुना आणि औष्णिक वीजकेंद्रातली राख यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालतात, मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं, मग दाबाखालच्या वाफेत शिजवतात. उष्णता अडते ती त्या बुडबुड्यांतल्या कोरड्या हवेमुळे. त्यांत पाणी शिरलं की तो गुण गेला, आणि ओल, पोपडे, बुरशी पदरात आली. थर्माकोलवाल्या ब्लॉकमध्ये एकदा फटीतून पाणी शिरलं तर ते कुठून आलं हे शोधणंही अवघड. शिवाय थर्माकोल मुंग्यांना पोखरायला आवडतो आणि आगीत त्याचा धूर वाईट. आपल्या हवेत, आपल्या कारागिरांच्या हातून, दोन मजली रो-हाऊससाठी मी तो सुचवणार नाही.

साधा एएसी ब्लॉक मात्र सुचवेन, पण बांधणाऱ्याचा हात बदलायच्या अटीवर.

काही वर्षांपूर्वी घोडबंदर रोडच्या बाजूला एका बंगल्याचं काम माझ्याकडे होतं. गवंडी विटांच्या कामात मुरलेले. वीट लावण्याआधी पाण्यात भिजवायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक. त्यांनी ब्लॉकही तसेच हौदात बुडवले. मी दोन दिवसांनी गेले तेव्हा एक भिंत छातीपर्यंत आली होती आणि ब्लॉक ओले गच्च होते. मी आधी सांगायला हवं होतं, ती चूक माझी. भिंत वाळली तशी आकसली आणि गिलाव्यावर जिन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या भेगा उमटल्या. पहिल्या पावसात त्यांतून ओल आली आणि घरमालकांनी ब्लॉकला दोष दिला. बिचाऱ्या ब्लॉकचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून ठेकेदाराशी बोलताना या गोष्टी नानांच्या तोंडून जाऊ द्या. ब्लॉक बुडवायचा नाही, लावण्याआधी अंगावरची धूळ जाईल इतपत पाणी शिंपडायचं. सांधा अर्धा इंची सिमेंट-वाळूचा नको, ब्लॉकसाठी मिळणाऱ्या तयार मसाल्याचा, तीन-चार मिलिमीटरचा हवा. जोत्यावर पहिले दोन थर भरीव काँक्रीट ब्लॉकचे, म्हणजे खालची ओल वर चढणार नाही. भिंत एका दिवसात पाच फुटांवर न्यायची नाही. खिडकीच्या खाली आणि वर काँक्रीटची पट्टी. बीमखालची शेवटची फट लगेच बुजवायची नाही, आठवडाभर थांबून बुजवायची. ब्लॉक आणि कॉलम जिथे मिळतात तिथे गिलाव्याआधी जाळी मारायची, ही जाळी विसरली की भेग ठरलेलीच. वायरिंगची खाच छिन्नी-हातोड्याने नाही, कटरने. बाहेरचा गिलावा दोन थरांत, आणि प्रत्येक छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच. हे शेवटचं काम अर्ध्या तासाचं आणि वर्षानुवर्षं उपयोगाचं, तरी ते बहुतेक जण सोडतात.

ठेकेदार "नवीन भानगड नको" म्हणेल. त्याला आधी कंपाउंडची भिंत किंवा मीटरची खोली ब्लॉकमध्ये बांधायला सांगा. त्याच्या माणसांचा हात बसतो की नाही ते तिथे दिसेल. नाहीच बसला, तर नऊ इंची विटेची भिंत बांधून पश्चिमेला सावली करा, मला त्यात काही गैर वाटणार नाही. भेगाळलेल्या ब्लॉकपेक्षा चांगली बांधलेली वीट कधीही बरी.

सगळं जमलं, तर पश्चिम आणि दक्षिणेला आठ इंची ब्लॉक, पूर्वेला आणि शेजाऱ्यांच्या बाजूला सहा इंची, आतल्या भिंती चार इंची, असं मी केलं असतं. ब्लॉकचं वजन विटेच्या जवळजवळ एक तृतीयांश, त्यामुळे सांगाड्यावरचा भार कमी होतो. तो किती कमी धरायचा हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला आराखड्याच्या वेळीच विचारा, भिंती उभ्या राहिल्यावर विचारून उपयोग नाही. नऊ इंचांच्या जागी सहा इंच जिथे येतील तिथे खोलीही थोडी मोठी होते, रो-हाऊसमध्ये तीन इंचही जाणवतात. टीव्ही, फ्रेमला ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मिळतात, गीझर आणि स्वयंपाकघरातली कपाटं आरपार बोल्टने टांगावी लागतात. त्यांच्या जागा आधी ठरवल्यात तर तिथे भरीव काँक्रीट ब्लॉक घालून घेता येईल.

आता पश्चिमेच्या दर्शनी भिंतीसाठी माझं मन थोडं रेंगाळतंय, कारण घराचं रूपही तिथेच ठरतं. दोन फुटी छज्जा तिथे पुरत नाही. चारनंतरचं ऊन इतकं तिरपं असतं की ते छज्जाच्या खालून आत शिरतं. तिथे उभी आडोशाची वस्तू लागते: जाळीची भिंत, उभ्या पट्ट्या, बांबूची चटई, किंवा दोन्ही मजल्यांवर साडेतीन-चार फुटांची बाल्कनी आणि तिला पडदा. आराखड्यात जिना, बाथरूम, कपाटांची भिंत पश्चिमेला टाकता आली तर फारच छान, झोपायच्या खोल्या पूर्वेला सरकतील. तुमच्या मुलीची खोली पूर्वेला गेली की भट्टीचा निम्मा प्रश्न एक पैसा न खर्चता सुटतो. आर्किटेक्टला हे आजच सांगा. सावली पडली की काँक्रीटच्या कॉलम-बीमचीही काळजी मिटते, कारण ऊन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. हाच आडोसा जुलैत पावसाचा मारही झेलतो.

नानांचं मूळ गाव कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. कोकणातलं असेल, तर त्यांना हे सगळं लहानपणापासून ठाऊक आहे. कौलांखाली माळा असायचा, त्यावर गवत, लाकडं, भांडीकुंडी. तो माळा म्हणजे स्लॅबवरचं इन्सुलेशनच. भोवती पडवी असायची, तिच्यामुळे मधल्या घराच्या मातीच्या भिंतीला ऊनही लागत नव्हतं आणि पाऊसही. त्यांना थर्माकोल दाखवण्यापेक्षा विचारा, "नाना, गावच्या घरात दुपारी कुठे झोपायचात?" आणि मग सांगा, की आपण गच्चीवर माळा आणि पुढे पडवीच करतोय, नव्या सामानात.

गच्चीचं काम असं: स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंग, मग दोन दिवस पाणी तुंबवून खालून पाहणी. ती नानांनी करावी. मग 2 इंची एक्सपीएस बोर्ड. साधा पांढरा थर्माकोल इथे नको, तो पाणी धरतो. एक्सपीएस फार कमी धरतो. त्यावर उताराचा काँक्रीटचा थर, आणि वर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांची जडण. पांढरा रंग ऊन परतवतो, पण स्वच्छ असेल तरच. पावसाळ्यानंतर शेवाळ आणि धूळ घासून काढावी लागते, दिवाळीच्या साफसफाईत गच्ची धरा. छताला आतून जिप्समचं फॉल्स सीलिंग लावून भागवू, असं कुणी सुचवेल. तोवर स्लॅब तापलेला असतो, ते मलमपट्टीचं काम आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या सोलरला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं, आणि त्याचे पॅनेल उंच चौकटीवर बसवले तर खालच्या स्लॅबवर सावलीही पडते. चौकटीचे पाय गच्चीचं काम चालू असतानाच घालून घ्या. नंतर वॉटरप्रूफिंग फोडून घालू नका.

खिडक्यांबद्दल एकच सांगते. त्या संहितेत आपल्यासारख्या दमट हवेसाठी म्हटलंय, उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या सहाव्या भागाइतकं तरी हवं. बारा बाय दहाच्या खोलीला हेच प्रमाण लावलं तर 20 चौरस फूट. चार बाय चारची सरकती खिडकी उघडते निम्मीच, म्हणजे 8 चौरस फूट. तीच पल्ल्याची केली तर जवळजवळ पूर्ण 16. सासूबाईंच्या खालच्या खोलीला पूर्वेला पल्ल्याची खिडकी आणि समोर दारावर झरोका द्या. आपल्याकडे मेच्या रात्रीही हवा 27-28 अंशांच्या खाली फारशी जात नाही, त्यामुळे वाऱ्याने खोली गार होईल असं मी म्हणणार नाही. घाम वाळेल, आणि झोपेला तेवढं पुष्कळ असतं. एसी लावणार त्या खोल्यांच्या बाहेरच्या भिंतींना आतून ऑइल पेंट किंवा प्लास्टिकचा वॉलपेपर लावू नका. बाहेरची दमट हवा भिंतीतून आत येऊन त्यामागे अडकते आणि बुरशी धरते.

पैशांचा क्रम मी असा लावेन: गच्ची, पश्चिमेचा आडोसा, खिडक्या, आणि मग साधा ब्लॉक. दरपत्रकं वेगवेगळी मागवा, एकत्र "ऊर्जा बचतीचं पॅकेज" घेऊ नका. थर्माकोलवाल्या ब्लॉकसाठी काढून ठेवलेल्या रकमेत यातलं बरंच बसेल.

राहिला तुमचा प्रश्न, बाजू कुणाची घ्यायची. पावसाच्या बाबतीत नानांची, उन्हाच्या बाबतीत यजमानांची. आणि दोघांनाही कामाला लावा, कारण पाडायचं घर अजून उभं आहे आणि दसऱ्याला वेळ आहे. कपाळासमोर धरायचा थर्मामीटर घरात असेलच. या आठवड्यातले तीन कडक उन्हाचे दिवस निवडा. दुपारी चार, रात्री दहा आणि पहाटे सहा, अशा तीन वेळी वरच्या मजल्यावरचा स्लॅब आणि चारी भिंती यजमानांनी मोजाव्यात, मुलीने वहीत लिहून घ्यावं. तिचीच खोली आहे. मग पाऊस सुरू झाला की नानांनी हातात पेन्सिल घ्यावी. जिथे ओल उमटेल तिथे तिच्या कडेने रेघ ओढायची आणि बाजूला तारीख. ऑगस्टच्या शेवटी भिंतींचे फोटो काढून ती वही आणि ते फोटो आर्किटेक्टपुढे ठेवा. रेघा पुसू नका, घर पाडेपर्यंत राहू द्या.